अट्टहास आणि अट्टाहास

(शास्त्रपाठ : मार्क 5:35-43)

हसण्यास आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. लेकरू खुदकन हसते, सोबती खदखदून हसतात, आणि दुसऱ्याची फजिती पाहून लोक फिदीफिदी हसतात. ह्या सर्वांहून मोठा शब्द अट्टहास. संस्कृतात 'अट्ट' म्हणजे उंच, मोठा, आणि 'हास' म्हणजे हसणे. परंतु त्याच शब्दाचे 'अट्टाहास' हे रूप आज आपण हट्ट, दुराग्रह ह्या अर्थी योजितो. ह्यात आपणांस बोध आहे. गळ्यातून निघालेला उपहास मनात हट्ट होऊन बसतो. ज्याला आपण एकदा हसलो, त्याचे खरे आहे असे म्हणावयास मग जीभ वळत नाही.

याईराच्या घरी असेच झाले. मुलगी झोपी गेली आहे, असे प्रभूने म्हणताच रडणारे लोक त्याला हसू लागले. प्रभूने वाद घातला नाही. त्याने त्यांस बाहेर घालविले, आईबापांस व तिघा शिष्यांस आत नेले, आणि त्या बारा वर्षांच्या मुलीचा हात धरून तिला उठविले. मग तो हसणाऱ्यांस हिणविण्यास बाहेर गेला काय? नाही. तिला काही खावयास द्या, असे त्याने सांगितले.

पुण्यात 1848 साली मुलींची शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाई फुले ह्यांची वाटेत टवाळी झाली, अंगावर शेणमाती फेकण्यात आली. तरी त्या शिकवीत राहिल्या. पुढे गावोगावच्या मुली शाळेत गेल्या, आणि ते हसणे विरून गेले.

आता आपण आपली परीक्षा करू. लातूर-नांदेडास शिकवणीसाठी गेलेला मुलगा अपयश घेऊन गावी परततो, किंवा पाऊस दडी मारतो आणि एखाद्यावर सोयाबीनच्या दुबार पेरणीची पाळी येते, तेव्हा पारावर जो हशा उठतो त्यात आपला आवाज असतो काय? उपासनेत कोणी अडखळत शास्त्र वाचतो, तेव्हा मागच्या रांगेत कोण तोंडाला पदर लावितो? ज्यांस जगाने हसून हिणविले, त्यांनीच दुसऱ्यास हसावे, हे शोभत नाही.

यास्तव, प्रियजनहो, ह्या आठवड्यात ज्याचे गावात हसे झाले असेल त्याच्या घरी जा. उपदेश करू नका. हात धरा, आणि त्याला आपल्या ताटावर जेवावयास बसवा.