पहिले पाऊल कोणाचे?

पात्रता पाहून विश्वास ठेवावा, की ठेवलेल्या विश्वासातूनच पात्रता जन्मास येते? आग्नेय आशियातील संस्कृतींपासून स्फूर्ती घेऊन डिस्नेने २०२१ साली काढलेल्या ‘राया अँड द लास्ट ड्रॅगन’ या चित्रपटाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

कुमांद्रा हा काल्पनिक देश पाच राज्यांत दुभंगलेला. रायाचा पिता बेन्जा सर्वांना भोजनास बोलावतो; नमारी मैत्रीच्या आडून दगा देते. रत्न फुटते आणि ड्रून नावाच्या अरिष्टाने पित्याची शिळा होते. इतकी पोळलेली राया अखेरीस आपल्याजवळचा रत्नाचा तुकडा नमारीच्याच हाती देते व स्वतः शिळा होते. नमारीला पळून जाता आले असते; ती मागे फिरते आणि तुकडे जोडते.

हा भोळेपणा काय? नव्हे. भोळ्याला धोका दिसत नाही. रायाला तो पुरता दिसत होता. पुरावा हाती आल्यावर ठेवतो तो विश्वास नव्हे, हिशेब होय. मात्र समोरचा बदलेलच, अशी हमी नाही. बेन्जाला ती मिळाली नव्हती. म्हणून विश्वासाची किंमत दुसऱ्यावर न लादता जो स्वतः मोजण्यास सिद्ध आहे, त्यानेच पहिले पाऊल टाकावे. अबोला धरलेल्या दोन घरांपैकी दार आधी कोणी उघडावे, याचेही उत्तर हेच नव्हे काय?