दोन क्रेडिटची सेवा

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या तीन श्लोकांत भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. द्यायलाच हवं म्हणून, परतफेड न करू शकणाऱ्याला, योग्य जागी आणि योग्य वेळी दिलेलं ते सात्त्विक. काही परत मिळेल या हिशोबाने किंवा कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि घेणाऱ्याचा मान न ठेवता, तुच्छतेने दिलेलं ते तामस. हे पैशांबद्दल आहे असं समजून मी अनेकदा पुढे गेलोय. आज थांबलो, कारण परवाच भाच्याचा फोन आला होता.

तो इंजिनिअरिंगला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर समाजात जाऊन केलेल्या कामालाही क्रेडिट मिळतात. तो म्हणाला, "मामा, दोन क्रेडिटचंच आहे. तुझ्या ओळखीत एखादी संस्था असेल तर सर्टिफिकेट मिळेल का? सबमिशनच्या गडबडीत जायला वेळच नाहीये."

मी "बघतो" म्हणालो. सरळ नाही म्हणायला जीभ उचलली नाही. कारण मी तरी कुठे वेगळा होतो?

राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिचं ब्रीद आहे, मी नाही तर तू. मी त्यात नाव घातलं ते मात्र मार्कांसाठी. सात दिवसांच्या शिबिरात घरोघरी सर्व्हे होता. एका आजींनी चहा दिला, मी मान खाली घालून फॉर्म भरत राहिलो. निघताना त्यांनी विचारलं, "लिहून नेलंस बाळा, आता परत कधी येशील?" मी म्हटलं, "येतो की आजी." पुन्हा गेलो नाही. गावाचं नाव आठवतं, त्या आजींचं नाव मी फॉर्मवर स्वतः लिहिलं होतं, तरी आठवत नाही.

मग प्रश्न असा की, फळाची अपेक्षा ठेवून केलेली सेवा राजसच असेल तर ती अभ्यासक्रमात ठेवावीच कशाला? बरेच दिवस माझं मत हेच होतं, की मनापासून असेल तर करावी, नाहीतर राहू द्यावी.

पण लहानपण आठवलं. दिवेलागणीला हरिपाठ म्हटल्याशिवाय आमची आजी ताट वाढायची नाही. आम्ही म्हणायचो ते भाकरीसाठी. तरी आज रोज पोथी उघडतो, त्याचं मूळ त्या सक्तीतच आहे. बाराव्या अध्यायात भगवंतही म्हणतात, चित्त स्थिर होत नसेल तर अभ्यासाने माझ्याकडे ये. म्हणजे भाव आधी हवाच, अशी अट नाही. पण अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. एकदा करून सोडणं नव्हे.

इथे मला सेवाग्राम आठवतं. १९६९ मध्येच डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिथले नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी तिथे मुक्काम करते, आणि प्रत्येकाला काही कुटुंबं नेमून दिलेली असतात. त्याच घरांत पुढेही ठरावीक काळाने जायचं असतं. हीसुद्धा सक्तीच आहे. पण ती परत जाण्याची सक्ती आहे. "परत कधी येशील?" या प्रश्नाला तिथे वेळापत्रकातच उत्तर लिहिलेलं आहे. पुढे राष्ट्रीय वैद्यक आयोगानेही कुटुंब दत्तक उपक्रम एमबीबीएसमध्ये आणला.

म्हणून आता असं वाटतं की दोष क्रेडिटचा नाही. क्रेडिट वेळापत्रकात जागा करून देतं, भाव देऊ शकत नाही. समोरच्याकडे न बघता फॉर्म भरणं, हा माझा दोष होता. ती अवज्ञा, म्हणजे तामस. आणि खोटं सर्टिफिकेट तर तिन्हींत कुठेच बसत नाही. तिथे दिलं काहीच नाही, फक्त घेतलं.

आपल्या हडपसरला दोन्ही पालख्या येतात आणि इथून वेगळ्या होतात. माउली दिवे घाटाकडे, तुकोबाराय सोलापूर रस्त्याने. वाटा वेगळ्या असल्या तरी दोन्हीकडचे पंढरीला पोचतात. गाडीतळावर फोटो काढून घरी परतणारा पोचत नाही. मी बरीच वर्षं त्यातलाच.

काल भाच्याला फोन केला. म्हटलं, "सर्टिफिकेट नाही मिळणार. इथे जवळच बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांचा रविवारी वर्ग असतो. तू गणित घे, मीही येतो." तो थोडा वैतागला. मग विचारलं, "किती रविवार?" मी म्हटलं, "तुझे क्रेडिटपुरते. माझे मोजायचे नाहीत, असं ठरवलंय."

हे जमेल का, माहीत नाही. माउलींनीच निभावून न्यावं.

रामकृष्ण हरी.