वारशाचें यश कोणाचें ?

कर्तबगार बापाच्या मुलानें पेढी नीट चालविली कीं लोक म्हणतात, 'त्यांत त्यानें मोठेंसें काय केलें ? आयत्या बिळावर नागोबा !' आणि तीच पेढी बुडाली कीं तेच लोक म्हणतात, 'बापाचें नांव घालविलें.' म्हणजे यश आलें तर तें बापाचें आणि अपयश आलें तर तें मुलाचें. हा न्याय सोयीचा असला तरी खरा न्याय नव्हे, हें कोणाच्याही सहज ध्यानांत येईल. परंतु त्याच्या जागीं दुसरा कोणता न्याय बसवावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आज त्याचाच थोडा ऊहापोह करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारास निमित्त झाला तो एक परदेशी खेळ. आमचा एक जुना विद्यार्थी फ्लॉरिडांतील टँपा शहरीं बरींच वर्षें राहिला आहे. गेल्या सुटींत तो इकडे आला असतां, तेथील फुटबॉलच्या संघावरून त्याचा व त्याच्या मुलाचा आमच्या ओटीवर कडाक्याचा वाद झाला. अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या इकडील फुटबॉलहून निराळा. चेंडू लांबोडका, तो पायापेक्षां हातानेंच अधिक खेळावयाचा. मैदानांत प्रत्येक बाजूचे अकरा गडी असतात. परंतु चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. बहुतेक प्रत्येक चाल अगोदर आंखलेली असते, आणि या सर्व व्यवस्थेवर शेवटचा अधिकार मुख्य प्रशिक्षकाचा असतो. त्यामुळें यशापयशाचा धनीही तोच ठरतो.

वादाचा विषय असा : टँपा बे बकानिअर्स हा संघ १९७६ सालीं मैदानांत उतरला आणि पहिले २६ सामने ओळीनें हरला. १९९६ सालीं टोनी डंजी हे त्याचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांनीं सहा वर्षांत बचावाची भक्कम फळी उभी केली आणि संघाला चार वेळां बादफेरींत नेलें. परंतु १९९९, २००० आणि २००१ या तिन्ही हंगामांतील अखेरच्या सामन्यांत संघाला अनुक्रमें ६, ३ आणि ९ एवढेच गुण मिळाले. चढाई अशी दुबळी पडलेली पाहून मालकांचा धीर सुटला आणि २००२ च्या जानेवारींत डंजी यांना निरोप मिळाला. त्यांच्या जागीं ओकलंड रेडर्स या संघाचे प्रशिक्षक जॉन ग्रुडेन यांना आणलें. त्यांना सोडण्याबद्दल ओकलंडला ८० लक्ष डॉलर आणि होतकरू नवे खेळाडू निवडण्याचे चार हक्क, दोन पहिल्या फेरीचे व दोन दुसऱ्या फेरीचे, देण्यांत आले. ग्रुडेन यांनीं पहिल्याच वर्षीं साखळींतील १६ पैकीं १२ सामने जिंकले, आणि २६ जानेवारी २००३ रोजीं सॅन डिएगो येथें अजिंक्यपदाचा सामना, ज्यास सुपर बोल म्हणतात तो, ४८–२१ असा मारला. हरलेला संघ होता ओकलंड ! तो संघ आधींचीं चार वर्षें ग्रुडेन यांच्याच हाताखालीं होता. आणि त्याचे नवे प्रशिक्षक बिल कॅलहन यांचेंही पदावरील हें पहिलेंच वर्ष. म्हणजे त्या दिवशीं दोन वारसदार समोरासमोर उभे होते, आणि त्यांपैकीं एकाची ठेव दुसऱ्यानेंच मागें ठेवलेली होती. मुलगा म्हणे, हा विजय ग्रुडेन यांचा. बाप म्हणे, डंजी यांचा.

बापाचें म्हणणें वजाबाकीवर आधारलेलें होतें. जें मिळालें त्यांतून जें आयतें होतें तें वजा करावें. बाकी उरेल तेवढेंच नव्या माणसाचें कर्तृत्व. अजिंक्यपदाच्या सामन्यांत टँपाच्या बचावानें प्रतिपक्षाच्या फेंकी पांच वेळां मध्येंच झेलल्या व त्यांपैकीं तीन थेट गोलरेषेपलीकडे नेल्या. हा बचाव डंजी यांनीं घडविलेला. तो चालविणारे माँटी किफिन हेही डंजी यांनींच १९९६ सालीं आणलेले. मग ग्रुडेन यांच्या वांट्यास उरलें काय ?

हें गणित प्रथमदर्शनीं बिनतोड वाटतें. तथापि तें एकदां सुरू केलें कीं कोठें थांबवावें हें कळत नाहीं. ज्यांच्या जोरावर हा बचाव नांवाजला त्यांपैकीं वॉरेन सॅप आणि डेरिक ब्रुक्स हे १९९५ सालीं, आणि जॉन लिंच हे १९९३ सालीं संघांत आले होते. म्हणजे डंजी यांच्याही आधीं. मग डंजी यांच्या नांवावरूनही ते वजा करावयास हवेत. त्यापुढें खेळाडूंच्या शाळांतील शिक्षक, त्यांच्या आया, त्यांची उपजत अंगकाठी, असें करीत करीत वजाबाकी चालूं ठेवल्यास अखेर कोणाच्याच हातीं कांहीं उरणार नाहीं. बापाची पेढी आयती म्हणून मुलास हिणवावयाचें, तर बापाची बुद्धि तरी त्यानें कोठून विकत आणली होती ?

दुसरी अडचण याहून खोल आहे. माणसांचें कर्तृत्व हें पोत्यांत मोजून ठेवलेल्या धान्यासारखें नसतें. तें दुसऱ्याच्या हातीं जातांच वाढतें किंवा घटतें. ग्रुडेन यांची ख्याति चढाई रचण्याबद्दल. बचाव त्यांनीं किफिन यांच्याकडेच ठेवला. असें असतां २००१ सालीं साखळींत प्रतिपक्षांना २८० गुण देणाऱ्या याच बचावानें २००२ सालीं अवघे १९६ दिले. जेथें नव्या माणसानें हात लावला नाहीं असें आपण म्हणतों तेथेंच सुधारणा डोळ्यांत भरण्याजोगी ! ती किफिन यांची म्हणावी, खेळाडूंच्या परिपक्व वयाची म्हणावी, कीं नव्या धन्यामुळें अंगांत आलेल्या ईर्ष्येची ? दुधांत साखर विरघळल्यावर पेल्याचा कोणता भाग गोड, हें विचारण्यांत अर्थ नाहीं.

तर मग मुलाचा पक्ष पत्करावा काय ? जो जिंकला तो थोर, मागचें उकरून काढूं नये, हें त्याचें म्हणणें. यांत एक प्रकारचा तरुण मोकळेपणा आहे. पण तो टिकत नाहीं. कारण त्याच मापानें २००३ सालचा हिशेब मांडावा लागेल. त्या वर्षीं टँपानें ७ सामने जिंकले व ९ हरले. पुढच्या वर्षीं ५ जिंकले व ११ हरले. ग्रुडेन आणखी कांहीं वर्षें राहिले, परंतु बादफेरींतील एकही सामना त्यांना टँपासाठीं पुन्हां जिंकतां आला नाहीं, आणि २००९ च्या जानेवारींत त्यांनाही निरोप मिळाला. कॅलहन यांची कथा याहून करुण आहे. पहिल्या वर्षीं अजिंक्यपदाच्या उंबरठ्यावर पोंचलेला त्यांचा संघ दुसऱ्या वर्षीं ४ सामने जिंकून १२ हरला, आणि त्यांची नोकरी गेली. वर्षभरांत एखादा माणूस इतका थोर आणि इतका नालायक होऊं शकतो काय ? संघांतील प्रमुख खेळाडू वयानें उतरले होते, आणि २००२ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेला रिच गॅनन हा पुढील हंगामाच्या मध्यासच जायबंदी झाला. वारसा जसा आयता मिळतो तसा तो आयताच सरतोही.

आमच्या मतें या वादांत तीन निरनिराळे प्रश्न एकाच नांवाखालीं भांडत असतात. हें यश कशामुळें आलें, हा एक. त्याबद्दल कोणाची वाखाणणी करावी, हा दुसरा. आणि उद्यां कोणावर भिस्त ठेवावी, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर गीतेच्या अठराव्या अध्यायांत सांगितलेलेंच आहे : कर्माच्या सिद्धीस अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशीं पांच कारणें लागतात, आणि केवळ आपणच कर्ते आहों असें मानणाराची दृष्टि सदोष होय. तेव्हां फलावरून एका माणसाची किंमत ठरविणें हें मुळांतच चूक. तिसऱ्या प्रश्नास एका वर्षाचा पुरावा अपुरा. त्यास काळच उत्तर देतो. राहिला दुसरा. त्याचें उत्तर फलांत न शोधतां हाताळणींत शोधावें, असें आम्हांस वाटतें.

नव्या माणसाला तीन गोष्टी विचाराव्या. जें चांगलें मिळालें तें त्यानें ओळखून राखलें काय ? जें उणें होतें तें हेरून भरून काढलें काय ? आणि पुढच्यासाठीं कांहीं मागें ठेवलें काय ? पहिल्या कसोटीस ग्रुडेन पुरे उतरतात. नव्या अधिकाऱ्यास जुनें मोडून आपला शिक्का उमटविण्याचा मोह अनावर असतो; किफिन यांना जागेवर राहूं देणें हें दिसावयास कांहींच न करणें, पण करावयास फार कठीण. दुसऱ्या कसोटीसही ते बऱ्याच अंशीं उतरतात. त्यांच्याच पहिल्या वर्षीं संघांत आलेल्या कीनन मॅकार्डेल यानें अंतिम सामन्यांत दोनदां गोलरेषा गांठली. आणि ज्या फिलाडेल्फियांत डंजी यांच्या संघास लागोपाठ दोन वर्षें ३ व ९ गुणांवर परतावें लागलें, तेथेंच नव्या संघानें २७ गुण केले. तिसऱ्या कसोटीस मात्र कांटा डळमळतो. पण तेथेंही निवाडा एकट्या ग्रुडेन यांचा नव्हे; त्यांच्यासाठीं उद्यांचे खेळाडू आजच गहाण टाकणारे मालक होते. उलट डंजी यांची फळी तिसऱ्या कसोटीस शंभर नंबरी उतरली, हें त्यांना काढून टाकल्यावरच सिद्ध व्हावें, यांत दैवाचा क्रूर विनोद आहे. पुढें ४ फेब्रुवारी २००७ रोजीं इंडियानापोलिसच्या संघाकडून त्यांनींही सुपर बोल जिंकला. आणि तेथें त्यांना पेटन मॅनिंग हा अव्वल खेळाडू आयताच मिळाला होता, हेंही विसरूं नये.

दुसऱ्यांचा असा निवाडा करणें सोपें आहे. पंचवीस वर्षांपूर्वीं आमच्याकडे एका वृद्ध अध्यापकांचा वर्ग आला. दोन वर्षें त्यांनीं त्या मुलांना तर्कशास्त्र शिकविलें. तिसऱ्या वर्षीं ते निवृत्त झाले आणि आम्ही त्यांच्या खुर्चींत बसलों. त्या वर्षीं चौघे जण पहिल्या वर्गांत आले. सभा झाली, आमच्या गळ्यांत हार पडला, आणि आम्हीं आमच्या अध्यापनपद्धतीवर दहा मिनिटें भाषण केलें. ते गृहस्थ तिसऱ्या रांगेंत बसले होते. त्यांचें नांव आमच्या तोंडून निघालें नाहीं. सभेनंतर ते जवळ येऊन एवढेंच म्हणाले, 'मुलांनीं चांगलें केलें हो.' पुढील वर्षींचा वर्ग सर्वस्वीं आमचा होता. निकाल बेताचा लागला, तेव्हां मुलांचा पायाच कच्चा असल्याचें आम्हीं सर्वांस सांगत सुटलों. पेढीवाल्याच्या मुलास लोक जो न्याय लावतात तोच उलटा करून आम्हीं स्वतःस लावला होता : यश आलें तें आमचें, अपयश आलें तें वारशाचें !

त्या वर्गास आम्हीं वाईट शिकविलें असें नव्हे. त्यांची घडी आम्हीं मोडली नाहीं, आणि ती मोडली असती तर ते चौघे कदाचित् चमकले नसते. एवढें श्रेय आम्ही आजही घेतों. परंतु ऋण उच्चारल्यानें तें श्रेय कमी झालें नसतें, हें कळावयास आम्हांस फार वेळ लागला. ते गृहस्थ आतां हयात नाहींत.

दोन वर्षांनीं आमचाही वर्ग दुसऱ्या कोणाच्या हातीं जाईल. त्याच्या पहिल्याच वर्षीं मुलें चमकोत. त्यांतले किती गुण आमचे, याची वजाबाकी करीत तिसऱ्या रांगेंत बसण्याचा मोह आम्हांस होईलच. तो आवरतां यावा, आणि जवळ जाऊन त्याला 'तुम्हीं चांगलें केलें' असें म्हणतां यावें, एवढीच इच्छा आहे.