स्वच्छ हवेचे ऋण

दिल्लीच्या सिंघू नाक्यावरून एखादी जुनी मालमोटार परत फिरविली जाते, तेव्हा तीत बसलेल्या माणसाचा विचार सहसा कोणी करीत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून, दिल्लीबाहेर नोंदलेल्या आणि बीएस-४ मानकाहून जुन्या डिझेल मालगाड्यांना राजधानीत प्रवेश नाही. बीएस-४ गाड्यांनाही ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच मुदत. तत्पूर्वी २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने मालगाड्यांवर ७०० व १३०० रुपयांचा पर्यावरण-भरपाई आकार बसविला होता.

निर्बंध योग्यच आहे. डिझेलच्या धुरातील सूक्ष्म कण लेकरांच्या फुप्फुसांत शिरतात. तेथे भीड चालत नाही. तथापि एक प्रश्न उरतो. गाडी कोणत्या मानकाची असावी, हे पगारी चालकाने ठरविलेले नसते. गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा. खेपेवर कमावणाऱ्याच्या वाट्याला मात्र बुडालेली खेप येते. आणि तो धूर आयुष्यभर सर्वांत जवळून छातीत घेणाराही तोच!

आम्ही येथे नोकरीनिमित्त राहणारे. असले हुकूम आमच्यासारख्यांच्याच मेजांवरून पुढे सरकतात, आणि निवळलेली हवाही आमच्याच खिडक्यांतून आत येते. ज्याने लाभ घ्यावा त्याने किमतीचा वाटाही उचलावा, हा साधा न्याय आहे. स्वतःची एकच गाडी असलेल्यास नव्या गाडीसाठी सुलभ कर्ज, चालकास बुडालेल्या खेपेची भरपाई, नाक्यापाशी निवारा व पाणी, या गोष्टींना आम्ही दया म्हणू नये. ते देणे आहे. सहीने आदेश निघतो, ऋण फिटत नाही.