आधी मोज, मग पाना उचल

बस समोर. फोन बाजूला ठेव. ऑटोमॅटिक गाडी दोन दिवसांत मॅन्युअल करून दाखवणारे व्हिडिओ मीही पाहिले आहेत. त्यात पाने फिरताना दिसतात, हिशेब करताना कोणी दिसत नाही. मला तुझी वही दाखव.

वही आणलीच नाहीस. म्हणजे २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस घेतलीस, भंगारातून डिझेल ऑक्टाव्हियाचा सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स उचललास, इंजिनाच्या कॉम्प्युटरचं रीमॅपिंग करणाऱ्याला आगाऊ पैसे दिलेस आणि कागदावर एक ओळ लिहिली नाहीस. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा माझ्या हाताखाली केलास तू. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी मान हलवून गप्प बसलो असतो. तुझ्या बाबतीत गप्प बसणार नाही.

तुझ्या हौसेवर माझा आक्षेप नाही, हे आधीच सांगतो. आपल्या शहराला लागून असलेल्या शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून ऑक्टाव्हिया जोडली जायची. आपल्याकडे आलेली पहिली आरएस १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची होती आणि मॅन्युअलच होती. डाव्या पायाखाली क्लच नेमका कुठे धरतो ते ओळखून गाडी उचलण्यात आनंद आहे, तो मला तुझ्याइतकाच ठाऊक आहे. राग आहे तो तुझ्या कामाच्या क्रमावर. पाया भरायच्या आधी कळस चढवायला निघाला आहेस.

पहिला प्रश्न. मुळात बॉक्स काढायचा का? तू म्हणालास, "सर, दुसऱ्या गिअरला झटका मारते. डीएसजी असाच असतो, सगळे म्हणतात." सगळे म्हणतात हे निदान झालं? दोन गोष्टींची सरमिसळ केलीस तू. डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक बॉक्स. त्यातला सात गिअरचा, कोरड्या क्लचचा एक आहे, तो २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या इंजिनांसाठी. ट्रॅफिकमध्ये तापण्याच्या ज्या तक्रारी ऐकून तू घाबरलास, त्या मुख्यतः त्याच्याबद्दलच्या. तुझ्या गाडीतला बॉक्स सहा गिअरचा आहे, त्याचे दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात आणि तो ३५० न्यूटन-मीटरसाठी बनवलेला आहे. एका क्लचवर विषम गिअर, दुसऱ्यावर सम. या बॉक्सचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलायचा असतो. तुझी गाडी किती चालली आहे? ८२,०००. तेल कधी बदललं? माहीत नाही. अरे, झटका जुन्या तेलाचा असेल, फ्लायव्हील सैल झाल्याचा असेल, क्लचचं ॲडाप्टेशन हरवल्याचा असेल. स्कॅनर लावलास? नाही. पेशंटची नाडी न बघता त्याला ऑपरेशन टेबलावर आडवा करणाऱ्या डॉक्टरला तू काय म्हणशील? तेच मी तुला म्हणतो आहे.

दुसरा प्रश्न. आणलेल्या बॉक्सचे दात मोजलेस? मेस्त्री म्हणाला, "बसतो." बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. डिझेल इंजिनाचा जोर खालच्या फेऱ्यांवर असतो आणि साडेचार-पाच हजारांवर ते संपतं. म्हणून त्याला लांब गिअर देतात. तुझं पेट्रोल इंजिन सहा हजारांच्या पुढे जातं. घे, इथेच फळ्यावर कर. टायरचा घेर साधारण २ मीटर. ताशी १०० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,६६७ मीटर, म्हणजे चाकाच्या ८३३ फेऱ्या. एखाद्या गिअरचं एकूण गुणोत्तर ३ असेल तर इंजिन २,५०० वर फिरेल, तेच २.४ असेल तर २,००० वर. जोराची गाडी हवी म्हणून ज्या बॉक्सवर पैसे घातलेस, त्याच बॉक्सनं ती प्रत्येक गिअरला आळसावली तर दोष कोणाला देशील? दात मोजायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तुला मिळाला नाही.

तिसरा प्रश्न क्लचचा. रीमॅप केला की टॉर्क ३५० वरून चारशेच्या पलीकडे जाईल, असं तो विकणारा सांगतो. ठीक आहे, ४३० धर. हा भार पेलणार कोण? दुसऱ्या वर्षाला शिकवलेलं सूत्र आठव: घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, सरासरी त्रिज्या आणि घर्षणाच्या बाजू, यांचा गुणाकार. उदाहरणासाठी घर्षणांक ०.३, दाब ८,००० न्यूटन, त्रिज्या ०.१ मीटर, बाजू दोन. उत्तर ४८०. वाटतं, पुरलं. आता घाटात क्लचप्लेट तापली आणि घर्षणांक ०.२५ वर आला. उत्तर ४००. क्लच सरकला, अस्तर जळालं आणि मागे ट्रक असताना गाडी चढावर अडकली. पाच मिनिटांचं गणित आहे हे. परीक्षेत तुला त्यात पूर्ण गुण होते. मग ते गुण गेले कुठे?

आणि बॉक्स म्हणजे सुटा डबा नाही. त्याबरोबर फ्लायव्हील बदलतं, ड्राइव्हशाफ्ट तपासावे लागतात, माउंटिंग बदलतं, अख्खं पेडल-ब्रॅकेट बदलतं. पेडल वेल्डिंग करून बसवू म्हणालास ना? तो शब्द पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. ज्या ब्रॅकेटवर ब्रेकचं पेडल टांगलेलं असतं, त्याला वेल्डिंगची काडी लावायची नाही. क्लचचं तेल बहुतेक गाड्यांत ब्रेकच्याच टाकीतून येतं. तिथे योग्य टाकी बसवायची, भोक पाडायचं नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदा ताणले की त्यांचं आयुष्य संपतं. नवे आणायचे आणि टॉर्क रेंचनं कसायचे, अंदाजानं नाही.

वायरिंगबद्दल तू म्हणालास, "दोन वायरी जोडल्या की स्टार्ट होते." आता नीट ऐक. मी शिकाऊ असताना एका गॅरेजात अशाच जोडलेल्या वायरींची गाडी होती. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरू देत नाही. ते बंधन कोणीतरी वायर जोडून काढून टाकलं होतं. बॉक्स मॅन्युअल बसवलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये राहिलेली. एकानं खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. गाडी उसळली आणि समोर बाकाशी वाकलेल्या पोराचा पाय बंपर आणि बाक यांच्यामध्ये सापडला. तो पोरगा माझ्याच वयाचा होता. त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. तुझ्या गाडीत इंजिनाचा, एबीएसचा आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर सतत एकमेकांशी बोलत असतात. बॉक्स काढलास तर बाकीच्यांना कोडिंग करून तसं सांगावं लागतं, क्लच पेडलचा स्विच खरोखर जोडावा लागतो. त्यांना फसवायचं नसतं. आणि लक्षात ठेव, नव्या बॉक्सला पार्क नसतो. उतारावर गाडी धरायला उरतो फक्त हँडब्रेक आणि तुझी सवय.

तुझ्या खर्चाच्या यादीत रीमॅप आहे, मोठा सायलेन्सर आहे, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आहेत. ब्रेक कुठे आहेत? टायर कुठे आहेत? समृद्धी महामार्गावर रात्री ओढून बघणार आहेस, असं तुझ्याच मित्रानं मला सांगितलं. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे आणि ती कोणाला त्रास द्यायला घातलेली नाही. दीड टनाची गाडी १०० च्या वेगात जेवढी ऊर्जा घेऊन धावते, त्याच्या जवळजवळ दुप्पट १४० च्या वेगात. वेग चाळीस टक्के वाढला, ब्रेकवरचं ओझं दुप्पट झालं. दिवसभर उन्हात तापलेल्या काँक्रीटवर जुने टायर घेऊन हे ओझं तू थांबवणार कशानं? शेजारच्या सीटवर तुझी धाकटी बहीण असेल. तिला हे गणित येत नाही. ते तुला येतं, म्हणून जबाबदारी तुझी आहे.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी. तू म्हणालास, "आरटीओला कोण सांगतंय?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काय म्हणतं? निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. कलम १८२-अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सायलेन्सर बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकलास तर विषारी धूर तुझ्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत जाणार. विमा कंपनीपासून बदल लपवलास आणि अपघातात कोणी जायबंदी झालं, तर त्या घराची भरपाई कोण करणार? मेस्त्रीचा हात काळा असला तरी चालतो, त्याचा कागद स्वच्छ लागतो. हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

आता काय करायचं ते सांगतो. उद्या बॉक्सचं तेल आणि फिल्टर बदल, स्कॅनर लाव, झटक्याचं कारण शोध आणि लिहून आण. ब्रेक आणि टायर तपास. ते झाल्यावर आरटीओला लेखी अर्ज कर, विमा कंपनीला पत्र दे. लेखी परवानगी आली तर दात मोजू, क्लचचं गणित मांडू आणि एकेक बोल्ट मी तुझ्या शेजारी उभा राहून कसून घेईन. परवानगी नाही आली तर विषय संपला. गाडी मूळ बॉक्सवरच चालेल आणि तो डिझेलचा बॉक्स आपल्या वर्कशॉपच्या बाकावर उघडून पुढच्या तुकडीला तू शिकवशील.

शनिवारी सकाळी नऊ वाजता ये. मान खाली घालून येऊ नकोस, वही घेऊन ये. पहिल्या पानावर तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असू देत.