आठाला त्रेचाळीस

आज मनन करायचं आहे ते एका बंद लोखंडी गोळ्याचं. जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर फुगवटा असतो, तो. परळच्या गल्लीत एखाद्या गॅरेजसमोर जॅकवर चढवलेली गाडी दिसली की वाकून पाहा, लगेच सापडेल. स्टूल मिळालं तर त्यावर टेका, नाहीतर उकिडवे बसा. कामाला दिवस लागेल, तेव्हा मनानेही बसूनच घ्या.

गाडी आपण विलीजच्या घराण्यातली धरू, मागे हौदा असलेली. हे घराणं आपल्या शेजारचंच. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी जीपची जुळणी सुरू केली ती माझगावला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीच्या अ‍ॅक्सलमध्ये पिनियनला, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाला, 8 दाते होते आणि क्राऊनला, म्हणजे त्याने फिरणाऱ्या मोठ्या चाकाला, 39. पुढे सीजे-3बीमध्ये पिनियन 8 चाच राहिला, क्राऊन 43 चा झाला. भागाकार करा: आधी 4.88, मग 5.38. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टने पूर्वी जवळजवळ पाच फेरे घ्यायचे, आता साडेपाचाच्या आसपास. आपल्या गाडीला मालकाने मोठे टायर चढवलेत आणि कच्च्या घाटात इंजिन धापा टाकायला लागलंय. म्हणून पहिली जोडी काढून दुसरी बसवायची.

प्लग सोडा, ऑइल वाहू द्या. नव्वद नंबरचं काळपट, उग्र वासाचं ऑइल. ते दुधाळ निघालं, टपरीवरच्या चहासारखं, तर समजा आत पाणी गेलंय. त्यासाठी घाटातला ओढाच लागतो असं नाही. जुलैत पाणी तुंबलं की हिंदमाताला तेवढी सोय होते. तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात बुडाला की आतली हवा थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून, झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढते. गाडी बाहेर येते, मालक सुटकेचा नि:श्वास टाकतो, आणि आत बेअरिंगला गंज धरायला सुरुवात होते.

आता जोडी हातात घ्या. क्राऊन जड, ताटलीएवढा. पिनियन मुठीत मावेल असा, मागे दांडा. दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो, कारण कारखान्यात दोघं एकमेकांवर घासूनच तयार झालेले असतात. एक तुटला की दुसरा धडधाकट असला तरी भंगारात. कुर्ल्याच्या बाजारात सुटा क्राऊन स्वस्तात मिळेल, घेऊ नका.

इथे थोडं थांबा, आणि 43 ला 8 ने भाग जात नाही याचा विचार करा. पिनियनच्या 1 नंबरच्या दात्यावर खडूची खूण करा, समोर क्राऊनच्या ज्या खाचेत तो बसलाय तिथेही. क्राऊन एक पूर्ण फेरा फिरवा. खुणेच्या खाचेत आता पिनियनचा 4 नंबरचा दाता आलाय. आणखी एक फेरा: 7. मग 2, मग 5, मग 8, 3, 6. आठ फेऱ्यांनंतर पुन्हा 1. मनात म्हणून पाहा: एक, चार, सात, दोन, पाच, आठ, तीन, सहा. एकही दाता चुकत नाही. हेच 40 दाते असते तर सोपा, सुटसुटीत पाच आला असता, आणि त्याच खाचेत जन्मभर तोच दाता बसला असता. एखादा दाता जरासा कमी-जास्त असला तर त्याचा त्रास सगळा त्या ठरावीक खाचांना. न भागणाऱ्या आकड्याने तो त्रास सगळ्यांत वाटून टाकला. रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनातही मोटरच्या पिनियनला 18 आणि अ‍ॅक्सलच्या चाकाला 65 दाते असत. तिथेही भाग जात नाही.

पिनियन बदलण्याचा हिशोब परळला नवा नाही. इथल्या कापडगिरणीतल्या रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, सुताचा पीळ बदलायचा तर पिनियनच बदलायचा असे. ताण्याच्या सुताला पीळ जास्त हवा, बाण्याला कमी. पीळ वाढवला की सूत मजबूत होतं, पण पुढचा रोलर सावकाश फिरतो आणि पाळीअखेर सूत कमी निघतं. चाती तेवढ्याच जोरात फिरतायत, वीज तेवढीच जळतेय. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक बंद होत गेल्या, यंत्रं मोडीत गेली. पण मजबुती हवी तर उत्पादन सोडा, हा सौदा फिटरने रोज पाना हातात घेऊन केलेला होता. आपल्या जीपचा सौदा तोच आहे. चाकावरची ओढ शंभराला दहा वाढणार, आणि त्याच फेऱ्यांवर वेग तेवढ्याच पटीत उतरणार. हौशी माणूस पहिलं वाक्य ऐकतो आणि दुसऱ्याच्या वेळी फोन काढतो.

जोडी आत बसवा. आता खरं काम. पिनियन किती खोल बसावा हे ठरतं शिमने, म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्यांनी. क्राऊन आणि पिनियनमध्ये किती ढिलाई हवी? विलीजच्या हिशोबात इंचाचे पाच ते सात हजारावे भाग. डायल गेज लावा, क्राऊन बोटांनी मागेपुढे हलवा, काटा पाहा. ढिलाई अजिबात नसेल तर तापल्यावर दाते तेलाचा थर फाडून एकमेकांना खातील. जास्त असेल तर अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना ठक्क आवाज येईल.

मग तेलात कालवलेला शेंदूर चार-पाच दात्यांना लावा. काही जण प्रशियन ब्लू लावतात. क्राऊनला थोडा अडसर धरून पिनियन फिरवा. दात्यावर ठसा उमटेल, त्याच्याकडे नीट पाहा. ठसा दात्याच्या बुडाशी असेल तर पिनियन फार आत गेलाय. टोकाशी असेल तर फार बाहेर. म्हणजे सगळं परत उघडा, बेअरिंग पुलरने ओढा, एक शिम काढा किंवा घाला, पुन्हा बसवा, पुन्हा शेंदूर. ठसा मध्यावर येईपर्यंत हेच. इथे डोळ्याला समाधान नाही झालं तर पुढे कान सांगेल: ठरावीक वेगाला मागून येणारी बारीक रडकी शिट्टी. माझ्या मते चांगला मिस्त्री या उघडझापीत कंटाळत नाही यावरूनच ओळखावा.

झालं वाटलं? पुढचा अ‍ॅक्सल राहिलाय. तिथेही हीच जोडी हवी. पुढे 4.88 आणि मागे 5.38 ठेवून फोर-व्हील टाकलात तर दोन्ही शाफ्ट एकमेकांशी बांधलेले, आणि चाकं वेगवेगळं अंतर कापू पाहणारी. चिखलात टायर घसरून निभावून नेतील. डांबरी रस्त्यावर काहीतरी मोडेल.

नवं ऑइल भरा. पहिल्या दिवशी वीसेक मिनिटं हळू चालवा, मग उभी करून पूर्ण थंड होऊ द्या. पुन्हा तसंच. ओझं नको, ओढकाम नको. काहीशे किलोमीटरनंतर ऑइल बदला. त्यात लोखंडाची चमकती पूड दिसेल, ती त्या दोघांनी एकमेकांची जागा करून घेतल्याची.

आणि स्पीडोमीटरकडे लक्ष असू द्या. त्याची केबल शाफ्टच्या फेऱ्या मोजते, चाकाच्या नाही. जुन्या टायरवर काट्याने 55 दाखवले असते तेव्हा गाडी 50 नेच चालली असती. पण टायर 28 इंचांवरून 31 वर गेलेत, म्हणजे तेही शंभराला दहा-अकराच वाढलेत, आणि काटा जवळजवळ खरं बोलतोय. परळच्या पुलावर चढा, तिसऱ्यातच राहू द्या.