बोली कशावर लागली?

लिलाव हा शब्द आपल्याला नवा नाही. गरिबाच्या घरात तो जप्तीच्या पाठोपाठ येतो. साहेबाच्या देशात मात्र तो मोठा सभ्य सोहळा असतो. डिसेंबर २०२१मध्ये लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात एक जुना सूक्ष्मदर्शक विकला गेला. पितळी, सुटा करून छोट्या पेटीत घालून न्यायचा. चार्ल्स गूल्डची रचना, कॅरी कंपनीची बनावट, साल १८२५च्या आसपास. अंदाज होता अडीच ते साडेतीन लाख पौंडांचा. आले ५ लाख ९८ हजार ५००.

पितळेचे एवढे पैसे? न्हाई. याच बनावटीचे दुसरे नग फार कमी पैशात मिळतात. भिंग तसंच, स्क्रू तसेच. पण हा चार्ल्स डार्विनचा, आणि जवळजवळ दोनशे वर्षं त्याच्याच घराण्यात राहिलेला. म्हंजे बोली खानदानावर लागली. प्रत्येक जीव देवानं वेगळा घडवून धाडला, ही समजूत ज्यानं मोडली, त्याच्या हत्याराचं मोल वंशावळीवरून ठरावं! बघा गंमत.

त्याच काळात, १८२६ला, एडिंबरात डार्विनला आणखी एक हत्यार मिळालं. जॉन एडमन्स्टन हा गयानातला, गुलामगिरीतून सुटलेला काळा माणूस. आडनावसुद्धा मालकाचं. मेलेल्या पक्ष्याचं कातडं सोलून, भरून, टिकवायचं कसं हे तो शिकवायचा. रोज एक तास, दोन महिने, फी सगळी मिळून एक गिनी, म्हंजे पौंडावर एक शिलिंग. स्वस्तात पडतंय, असं डार्विननं बहिणीला कळवलं. डार्विनला गुलामगिरीचा तिटकारा होता, हे खरंच आहे. आत्मचरित्रात त्यानं या गुरूला हुशार म्हटलं, त्याची सोबत आवडायची असंही लिहिलं. पण नाव लिहिलं नाही. ते पुढं अभ्यासकांनी हुडकून काढलं.

आता या माणसाचा चाकू कुणी पेटीत जपायचा? जो जन्मला तोच दुसऱ्याची मालमत्ता म्हणून, त्यानं वारसा कुठून आणायचा?

काही दोस्त म्हणतील, नाव सोड, विज्ञान बघ. भिंगाला जात नसते. भिंगाला नसते, कबूल. बघणाऱ्याचं काय? डार्विननं हाच सूक्ष्मदर्शक लिओनार्ड नावाच्या पोराला दिला. तो पोरगा मोठा होऊन १९११पासून कित्येक वर्षं ब्रिटनमधल्या सुप्रजननवाद्यांच्या संस्थेचा प्रमुख होता. चांगल्या बीजाच्यांनी पोरं वाढवावीत, हलक्या बीजाच्यांना आवर घालावा, हा त्यांचा धंदा. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडंही जातीला याच शास्त्राचा टेकू देणारे पंडित होते. बाबासाहेबांनी १९३६ला 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये तो टेकू काढून घेतला. त्यासाठी त्यांना भिंग लागलं नाही. शास्त्राला प्रश्न विचारायची हिंमत लागली.

म्हणून काय प्रयोगशाळेकडं पाठ फिरवायची? मुळीच नाही. भिंग हातात पायजेच. फक्त ते हातात आलं की नजर आपोआप साफ होते, हे मला पटत नाही.

राहिला एडमन्स्टन. त्यानं शिकवलेलं बीगल जहाजावरून जगभर फिरलं. त्या सफरीतले पक्षी ब्रिटनच्या संग्रहालयात अजून आहेत. त्यांच्या चिठ्ठ्यांवर गोळा करणाऱ्याचं नाव सापडतं. हात शिकवणाऱ्याचं नाही.